लाल शाईतला आकडा

प्रिय ठकू,

तुझं पत्र मिळालं. निवृत्तीबद्दल लिहिलंस ते बरं वाटलं. त्याखाली आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल एक वाक्य आहे, "त्या दिवशी तुमचा नाइलाज होता, हे आता मला कळतं." वर्षभर तू माझ्याशी कामापुरतंच बोलत होतीस, म्हणून ते वाक्य मी बऱ्याचदा वाचलं.

शुक्रवारी निरोपाचा कार्यक्रम झाला. साहेबांनी भाषणात मला पृथ्वीचा पहारेकरी म्हटलं. आई असती तर घरी येईपर्यंत हसत राहिली असती. शेजारच्या काकूंनी एकदा तिला विचारलं होतं, हे ऑफिसात नक्की करतात तरी काय? ती म्हणाली, "पृथ्वी नीट फिरते की नाही ते बघतात. घरात मी दिवसभर फिरते, ते मात्र दिसत नाही." तू तेव्हा दुसरीत होतीस. शाळेत बाईंना जाऊन हेच सांगितलंस.

चौतीस वर्षं मी तेच बघितलं. पृथ्वी रोज सारख्या वेगाने फिरत नाही. वारे जोरात वाहिले तरी किंचित मंदावते, फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी. तुला-मला त्याचं काही नाही. पण मंगळाकडे निघालेल्या यानाला वाट दाखवायची, तर आपल्या पायाखालची जमीन त्या क्षणी नेमकी किती वळली आहे ते ठाऊक असावं लागतं. इथे हजाराव्या भागाची चूक तिकडे दहा-पंधरा किलोमीटरची होते. म्हणून उद्याचा आकडा आम्ही आज अंदाजाने द्यायचो. सगळी मोजमापं जमून पक्का आकडा यायला महिना लागायचा. रजिस्टरमध्ये अंदाज निळ्या शाईत, पक्का आकडा शेजारी लाल शाईत. निळा खोडायचा नाही, हा माझ्या आधीच्या वरिष्ठांचा नियम. नवीन मुलं वैतागायची. सर, आपलीच चूक कशाला मिरवायची? मी म्हणायचो, चूक दिसलीच नाही तर पुढचा अंदाज कशावर बांधाल?

त्या दिवशी यान उतरायचं होतं, त्यासाठी सकाळी ताजा अंदाज पाठवायचा होता. सकाळी आठला हॉस्पिटलमध्ये आई मला म्हणाली, "जा तुम्ही. इथे बसून नुसते सलाइनचे थेंब मोजताय." खरंच मोजत होतो. मिनिटाला बावीस. मी गेलो. तू प्रवासातून थेट तिच्याकडे पोचलीस तेव्हा एक वाजला होता आणि ती एकटी होती. अडीचला ती गेली. मी चारला आलो. फोन आत नेता येत नाही, असं मी तुला सांगितलं. भेटायला आलेल्यांना तू म्हणालीस, बाबांचं कामच तसं आहे. मी मान हलवली.

यान नीट उतरलं. महिन्याने लाल आकडा आला, तो माझ्या अंदाजाच्या अगदी जवळ होता.

काल टेबल रिकामं करताना रजिस्टरचं ते पान उघडलं. आकडा पाठवल्याची वेळ तिथे माझ्याच अक्षरात आहे, दहा वाजून पाच मिनिटं. त्यानंतर माझं तिथे काहीही काम नव्हतं. यान उतरवणारी माणसं वेगळी, दुसऱ्या इमारतीतली. मी कॅन्टीनमध्ये जाऊन जेवलो आणि परत टेबलाशी बसलो. फोन खणात होता. तुझे तीन फोन वाजताना मी पाहिले. उद्याचा दिवस निघणं कठीण आहे, हे डॉक्टरांनी मला आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. मला तिच्याजवळ बसवत नव्हतं, एवढंच. नाइलाज नव्हता, ठकू. तुझ्या वाक्याशेजारी हे लिहून ठेव. तुझं वाक्य खोडू नकोस असं म्हणणार होतो, पण ते तुझं तू ठरव.

तुझाच,
बाबा