खालचा वर्ग अमोलकडे

मी, भागीरथा नत्थुजी हाडोळे, वय एकोणसत्तर, सेवानिवृत्त सहायक पोलीस निरीक्षक, निवृत्तीनंतर गुन्हेशास्त्राची अध्यापिका, राहणार राजापेठ, अमरावती, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, बुद्धी गेलेली नाही. तसा दाखला डॉक्टरांनी तपासून दिला आहे व तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. नोकरीभर मी दुसऱ्यांचे जबाब लिहिले. दडपणाखाली दिलेला जबाब वाचताना कसा लागतो ते मी ओळखते. हा तसा नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.

मी लग्न केले नाही. कारण येथे लिहिण्याची गरज नाही. आईवडील वारले आहेत. मी काहीच न लिहिता गेले, तर कायद्याने माझे सर्व काही माझा धाकटा भाऊ देवीदास याच्याकडे जाईल. तसे होऊ नये म्हणून हा खटाटोप. यापूर्वी लिहिलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी सर्व काही देवीदासलाच दिले होते.

माझ्या पश्चात या कागदाप्रमाणे वाटणी करून देण्याचे काम प्रा. कुंदन सरोदे यांनी करावे. महाविद्यालयात ते कायदा व गुन्हेशास्त्र शिकवत आणि मी प्रत्यक्ष तपास शिकवत असे. आम्ही दोघे एकाच तासाला वर्गात उभे राहायचो व मुलांसमोर भांडायचो. ते म्हणत, कलमात असे आहे. मी म्हणत असे, कलमात आहे खरे, पण घटनास्थळी अर्धे गाव जमलेले असते, त्या गर्दीतून कलम कसे चालवता ते दाखवा. माझी समजूत होती की रडणारा साक्षीदार खरेच बोलतो. सरोदे सरांनी ती पुराव्यानिशी खोडून काढली, आणि तेव्हापासून मी ती गोष्ट वर्गात सांगणे बंद केले. पोलीस चौकी कशी असते हे त्यांनी माझ्यासोबत येऊन पाहिले. तेथल्या बाकावर बराच वेळ बसल्यावर ते म्हणाले, "इथं निरपराध माणूसही गुन्हेगारासारखा दिसतो हो." हे वाक्य मी पुढे त्यांचेच म्हणून शिकवले.

एक) मोजपट्टी, भिंग, ठसे उचलण्याचे ब्रश व लाकडी पेटी सरोदे सरांच्या विभागाला द्यावी. साडीच्या दुकानातून आणलेली बाहुलीही द्यावी. वर्गात मांडलेल्या आमच्या प्रत्येक घटनास्थळावर प्रेत म्हणून तीच पडलेली असे. मुले तिला विमलताई म्हणतात. तिचा डावा हात सैल आहे, ओढू नये. शेवटच्या काही वर्षांत पदव्युत्तर पदवी नसलेल्यांनी शिकवू नये असे ठरले व माझे तास बंद झाले. ठरवणाऱ्यांवर माझा राग होता. आता नाही, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. तरीही वस्तू विभागालाच द्याव्यात, कारण मुले तेथे आहेत.

दोन) शेजारच्या शिकवणी वर्गाचे चालक माझ्या फाटकासमोर विद्यार्थ्यांच्या गाड्या लावू देतात. सांगून मी थकले. त्यांना मी माझी पोलिसातली शिट्टी देते. त्यांनी ती स्वतः वाजवावी.

तीन) आता शेताबद्दल. मोर्शीकडचा संत्र्याचा बगीचा वडिलांचा. त्यात मुलगी म्हणून माझा हिस्सा आहे व मी तो कधीही मागितला नाही. तो संपूर्ण हिस्सा मी नितेश धांडे याला देते. नितेश त्याच बगीच्यात राबायचा व आमच्या घरची मालवाहू गाडी चालवायचा. देवीदास विचारेल की गड्याला कशाला. म्हणून कारण सविस्तर लिहिते.

सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका सकाळी देवीदासचा फोन आला. "बाई, येऊन जाय जरा. गाडीनं कोनाले तरी धक्का लागला."

मी बस धरून गेले. रस्त्यातच कळले की माणिकबाई नावाची झेंडूची फुले विकणारी बाई पहाटे बाजाराला निघाली असता गाडीखाली आली, गाडी न थांबता गेली आणि बाईला अमरावतीला दवाखान्यात हलवले. तिचा उजवा पाय नंतर कापावा लागला.

अंगणात गाडी उभी होती. समोरचा दिवा फुटला होता. देवीदास म्हणाला, "नितेश चालवून राहिला होता. तो कबूल हाये. इचार त्याले."

नितेश खाली बघत म्हणाला, "हो, मीच होतो."

मी हात पाठीमागे बांधले आणि काचेतून आत पाहिले. वर्गात पहिल्या दिवशी मी हेच शिकवते, आधी हात बांधा, मग डोळे उघडा. चालकाची सीट शेवटपर्यंत मागे सरकवलेली होती. आतला आरसा वर कललेला होता. देवीदासचा मुलगा अमोल आमच्या घराण्यात सर्वांत उंच, दारातून वाकून येणारा. नितेश त्याच्या खांद्यालाही लागत नाही. त्या सीटवर बसून नितेशचा पाय क्लचला पोहोचला नसता.

मी विचारले, "अमोल कोठी हाये?"

"झोपला हाये. त्याचं काय काम?"

"देवा, सीट पाहिली का तू?"

देवीदासने पाहिली. त्याचा चेहरा उतरला, आणि लगेच तो नितेशवर ओरडला, "पाहून काय राहिला बे? सीट पुढं घे!"

नितेश पुढे झाला. मी ओसरीवरची खुर्ची उचलली, गाडीच्या दाराला लावली व तिच्यावर बसले.

"उठ बाई," देवीदास म्हणाला. "मी नितेशच्या बहिनीचं लगन लावून देतो म्हनलं. तो राजी हाये. तुले काय तरास?"

"त्याची बहीन नवरी होईन अन् तो जेलात राहीन. चांगलं लगन होय."

"तू आमची का पोलिसाची?"

"मी रिटायर झाली. आता मी मास्तरीन हावो. वर्गात पोरायले जे शिकवतो, ते घरी येऊन पुसून टाकू का?"

तो मला हात धरून उठवू शकला असता. त्याने तसे केले नाही, हेही येथे नोंदवते. तो आत गेला. देवीदासची बायको रडत होती. मला पाणीही कोणी विचारले नाही. काही वेळाने अमोल बाहेर आला आणि माझ्या पायाशी मातीत बसला.

"आत्या, मीच होतो."

"मले नोको सांगू. ज्याले सांगायचं त्याले सांग."

"तू असशीन ना सोबत?"

"असीन."

पोलीस दुपारी आले. चहाच्या टपरीवाल्याने गाडीचा नंबर दिला होता. तपास अधिकारी म्हणून आचल टवलारे उतरली. ती माझ्या वर्गातली विद्यार्थिनी, नुकतीच उपनिरीक्षक झालेली. देवीदासला धीर आला. तो मला हळूच म्हणाला, "तुहीच पोरगी हाये न? बोल तिच्याशी."

आचल माझ्यापर्यंत आली व म्हणाली, "बाई, तुम्ही कोण? या गाडीशी तुमचा काय संबंध?" मी नाव सांगितले, नाते सांगितले. तिने माझा जबाब इतरांसारखाच घेतला आणि मला बाजूला उभे केले. सीट व आरसा तिने मोजून, फोटो काढून नोंदवला. पुढे दोघांच्याही चपला जप्त केल्या व क्लचवरच्या मातीशी ताडून पाहायला पाठवल्या. हे मी तिला शिकवले नव्हते. माझा भाचा हातचा चालला होता आणि तरी मला तिचे कौतुक वाटत होते. दोन्ही एकाच वेळी वाटू शकते, हे मला तोवर माहीत नव्हते.

अमोलने गुन्हा कबूल केला. नितेशने खरे सांगितले. कोर्टाने अमोलला शिक्षा दिली. नितेशला पुढे करण्याच्या आरोपातून देवीदास पुराव्याअभावी सुटला व सुटताच त्याने नितेशला कामावरून काढले. ज्या झाडांना नितेशने लहानपणापासून पाणी दिले त्या झाडांत पाय ठेवायचा नाही, असे त्याला बजावले. म्हणून माझा हिस्सा नितेशचा. हे मी रागाने करत नाही. सरोदे सर म्हणतात की रागानेच करते आहात. तसे असले तरी हिस्सा नितेशचाच.

चार) माझ्या गळ्यातली सोन्याची साखळी माणिकबाईला द्यावी. ती घेणार नाही म्हणेल. तिला सांगावे की ही भरपाई नाही, भरपाई कोर्टाने ठरवली ती वेगळी. दवाखान्यात मी तिला भेटायला जात असे तेव्हा ती या साखळीकडे पाहून म्हणायची, "बाई, घडाई लय नाजूक हाये." एवढेच कारण.

पाच) राजापेठेतील घर मी माझ्या पगारातून बांधले. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. हे घर, वरचा मजला व खालची मोठी खोली, मी अमोल देवीदास हाडोळे याला देते.

अमोल कारागृहात होता तेव्हा प्रत्येक भेटीच्या दिवशी मी गेले. सुरुवातीला तो भेटायला नकार द्यायचा. मी फाटकाशी बसून परत यायची. पुढे तो येऊ लागला. सुटल्यावर तो गावी गेला नाही, माझ्याकडे आला. देवीदासने त्याला घरात घेतले असते, पण अट घातली की आत्याचे नाव काढायचे नाही. अमोलने ती मानली नाही.

सुटल्यानंतर पहिल्यांदा तो माणिकबाईकडे गेला. मी सोबत होते. ती घराच्या दारात फुले निवडत बसली होती. तिने त्याला ओळखले.

"पाय आनला काय माहा?"

अमोल उभाच राहिला.

"नाही आनला न? मंग उभा काहून हायेस? बस."

तो बसला. तो अजूनही तिच्याकडे जातो. माफी मिळाली की नाही हे त्याने कधी सांगितले नाही व मी विचारले नाही.

महाविद्यालयातले माझे तास बंद झाल्यावर खालच्या खोलीत मी वर्ग चालूच ठेवला. भरतीची तयारी करणारी, वकिली शिकणारी मुले-मुली येतात. एकदा विषय होता, आरोपी खोटे का बोलतो. मुलांनी पुस्तकातली कारणे सांगितली. मी माझ्या नोकरीतली सांगितली. अमोल चहा घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला, "तसं नसते, मॅडम."

मला तो आत्या म्हणतो. त्या दिवशी मॅडम म्हणाला.

"मी खोटं बोललोच नाही," तो मुलांना म्हणाला. "बाबा बोलले. मी फक्त नाही म्हनलं नाही. सकाळपासून मी आतल्या खोलीत बसून वाट पाहून राहिलो होतो, का कोनी येऊन मले इचारीन. कोनी इचारलंच नाही. सगळ्यायनं नितेशले इचारलं."

एका मुलीने विचारले, "विचारलं असतं तर सांगितलं असतं?"

"माहीत नाही. पन आत्या बाहेर बसून राहिली, अन् मले खिडकीतून तिची पाठ दिसत होती. पाठीले काय सांगीन मानूस? म्हनून बाहेर आलो."

चहा गार झाला. कोणी कप उचलला नाही. मी आयुष्यभर टेबलाच्या एका बाजूला बसून जबाब घेतले. पलीकडच्या बाजूला काय घडते त्याचे मी अंदाज शिकवत आले, ठामपणे शिकवत आले. त्या दिवशी प्रथमच पलीकडचा माणूस माझ्या वर्गात बोलला. मी फळ्यापाशी जाऊन जे लिहिले होते ते पुसले व त्याला म्हटले, "पुढं सांग." तो बराच वेळ सांगत राहिला. कोठडीतला पहिला तास, वकिलाशी पहिले बोलणे, बराकीत नवीन माणसाला कोण जागा देतो. आता आठवड्यातून एक तास तो घेतो. आचल तिच्या नव्या अंमलदारांना त्या तासाला पाठवते.

तेव्हा माझी इच्छा अशी की वर्ग अमोलने चालवावा व सरोदे सरांनी त्याच्यासमोर उभे राहून भांडावे, जसे ते माझ्याशी भांडत. कोणी म्हणेल, शिक्षा झालेला माणूस कायद्याच्या मुलांना काय शिकवणार. असे म्हणणाऱ्याने एक तास येऊन बसावे.

सहा) बँकेतील ठेवी वर्गाच्या दुरुस्तीसाठी व पुस्तकांसाठी वापराव्यात. पुस्तके सरोदे सरांनी निवडावीत. त्यावर मी आता वाद घालू शकणार नाही, ही त्यांच्यासाठी आनंदाची बाब.

सात) आचलला मी काही देत नाही. ती साक्षीदार म्हणून सही करणार आहे, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये असे मी तिला शिकवले आहे. देवीदास हा कागद कोर्टात नेईल. तेव्हा पिंजऱ्यात कोण न डगमगता उभे राहील, याचा विचार करून मी तिला निवडले.

आठ) मृत्युपत्र माणसाच्या पश्चात उघडण्याची रीत आहे. मी ती मोडते. याची एक प्रत अमोलने याच आठवड्यात गावी जाऊन देवीदासच्या हातात द्यावी. शेताचे कलम वाचून तो संतापेल. अपघाताच्या त्या दिवसापासून आजवर तो माझ्या दारात आलेला नाही. आईची तिथी मी येथे करते, तो तेथे करतो. माझा भाऊ मला ओळखून आहे आणि मी त्याला. हक्काच्या गोष्टीवर तो घरी बसून राहणारा नाही. येईल, फाटकातूनच ओरडत येईल. वरच्या खिडकीतून मला तो गल्लीच्या तोंडापासून दिसेल.

भांडायला का होईना, यावा.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला व तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

ठिकाण : राजापेठ, अमरावती
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही)
भागीरथा नत्थुजी हाडोळे

भागीरथाबाईंनी आमच्या डोळ्यांसमोर सही केली व आम्ही त्यांच्या समोर सह्या केल्या. त्यांनी आमच्याकडून हा कागद आधी मोठ्याने वाचून घेतला.

साक्षीदार :
१. (सही) आचल देवानंद टवलारे, पोलीस अधिकारी, अमरावती
२. (सही) डॉ. रागिणी खंडारकर, वैद्यकीय व्यवसाय, राजापेठ, अमरावती