फेस न आलेले रक्त

आबा,

घरी मी तुम्हाला एकेरीत बोलत असे. आपल्या अहिराणीत बापाला अहोजाहो करण्याची रीत नव्हती. आज मी ते करतो आहे, पण आदरापोटी नव्हे. परक्या गृहस्थाला लिहिताना असेच लिहावे, असे आम्हाला शाळेत शिकवले होते, आणि मला परक्यासारखे तुम्हीच वागवलेत. माझे शिक्षण चौथीपर्यंतच का झाले, हे तुम्हाला ठाऊक आहे. उरलेली भाषा मी वर्तमानपत्रे वाचून कमावली. तेव्हा या पत्रात शुद्धलेखनाची चूक सापडणार नाही. सापडल्या तर तुमच्याच चुका सापडतील.

सुरतेत कतारगामच्या त्या डाइंगमध्ये, कापड रंगवण्याच्या कारखान्यात, तुम्ही ब्लीचिंग खात्याचे मुकादम होतात. कोरे कापड पांढरे करण्याचे पेरॉक्साइड तिथे पिंपांतून येई. कुणाला काही कापले, की त्यातलेच थोडे घेऊन, पुष्कळ पाणी घालून जखमेवर ओतायचे, हा तुमच्या खात्याचा रिवाज होता. रक्तावर पांढरा फेस उसळे आणि तुमची माणसे ओरडत, "रगत जित्तं शे रे!" जिवंत रक्ताची ती तुमची परीक्षा. त्या दिवशी मी तुमच्यासाठी कळण्याची भाकरी घेऊन आलो होतो. कापडाच्या गाठीला बांधलेली लोखंडी पट्टी दारातच पडली होती, तिने माझा तळपाय चिरला. तुम्ही मला उचलून ओट्यावर बसवलेत, भांडे आणलेत आणि स्वतः ओतलेत. एवढ्या मायेने तुम्ही मला पुन्हा कधी उचलले नाहीत, म्हणून ते अजून आठवते. फेस आला नाही. एक बुडबुडासुद्धा आला नाही. रक्त करपलेल्या गुळासारखे काळे पडले आणि तसेच बोटांमधून ओघळले. मग आपल्याच गावचा तो रंगारी डोळा मिचकावून म्हणाला, "काय मुकादम, हाऊ पोऱ्या तुनाच शे ना?" पोरगा तुझाच ना, या प्रश्नावर हसू फुटले. तुम्हीही हसलात. त्या हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. चार माणसांत हसावे लागते.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही त्याच पेरॉक्साइडची बाटली भरून घरी आणलीत. माय भाकरी थापत होती. तिच्याच शिवणाच्या सुईने तुम्ही स्वतःचा अंगठा टोचलात आणि थेंबभर पेरॉक्साइड सोडलेत. फेस उसळला. मग तिचा पिठाचा हात ओढलात, पुसूही दिला नाहीत, आणि तोही टोचलात. तिचेही रक्त उसळले. मग माझे. मी परातीत पाहत राहिलो. पडलेला थेंब पिठात काळा होत होता आणि तव्यावरची भाकरी जळत होती. तुम्ही म्हणालात, "मनं उसळस, तुनं उसळस. मंग हाऊ काया कोना?" माझे उसळते, तुझे उसळते, मग हा काळ्या रक्ताचा कुणाचा? माय म्हणाली, "तुनाच शे. आखो कोना ऱ्हाई?" तुझाच आहे, आणखी कुणाचा असणार, हे तिने एकदाच सांगितले. दुसऱ्यांदा सांगण्याची तिला गरज वाटली नाही, आणि तिच्या त्या गप्प बसण्यालाच तुम्ही कबुली समजलात. आयुष्यभर कापडाचे डाग ओळखणारा माणूस माझ्या आईवर डाग ठेवताना क्षणभरही थांबला नाही.

चौथीत मी वर्गात पहिला आलो म्हणून तुम्ही मला शाईचे पेन आणले होते. आणून दहा दिवससुद्धा झाले नव्हते. मायला आणि मला घराबाहेर काढताना ते तुम्ही माझ्या सदऱ्याच्या खिशातून उपसून घेतलेत आणि म्हणालात, ज्याचा असशील त्याच्याकडून घे. आबा, घर गेले, शाळा गेली, ते मी समजू शकतो. पण ते पेन? ते तर मी मिळवले होते.

पुढचे तुम्ही विचारले नाहीत, तरी सांगतो. खानदेशातून ऊसतोडीला येणाऱ्या टोळीबरोबर माय मला बारडोलीकडे घेऊन गेली. तिने कोयता धरला, मी मोळ्या बांधल्या. बाराव्या वर्षी माझ्या हिरड्या सडू लागल्या आणि दात सुपारीसारखे गळून पडू लागले. टोळीतल्या बायका म्हणत, कुणाचे तरी पाप पोराच्या तोंडातून निघते आहे. माय ते ऐकत असे आणि मिठाचे पाणी करून माझ्या चुळा भरवत असे. ती गेली तेव्हाही तुमचे कुंकू कपाळावर होते, याचा मला तिच्यावरही राग आहे. तुम्ही गेलात तेव्हा निरोप आला होता की मुलाने येऊन अग्नी द्यावा. कोणत्या मुलाने? मी तेव्हा यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होतो, मागावर उभा होतो. माग बंद केला नाही.

आता हे पत्र का, ते ऐका. गेल्या महिन्यात इथे भेस्तानला दाताच्या डॉक्टरांनी माझी कवळी बसेना म्हणून हिरडी थोडी कापली आणि पेरॉक्साइडने धुतली. रक्त काळे पडले. ते हबकले. शिकलेला माणूस हबकतो, पण कारण शोधतो. माझी नात रसायन आणि जीवशास्त्र दोन्ही एकत्र शिकते. तिने धावपळ करून माझे रक्त तपासून घेतले आणि मग मला संगणकापुढे बसवले. "जुओ तो खरा, बघा, आजोबा! हे तुमच्याकडे नाही."

तिने दाखवलेल्या वस्तूचे नाव कॅटलेज. माणसाच्या रक्तात पेरॉक्साइडचे पाणी आणि वायू करणारे ते यंत्र. त्या वायूचाच फेस होतो. ते नसल्यामुळेच माझ्या हिरड्याही सडल्या होत्या. मी विचारले, एवढी बारीक वस्तू दिसली कोणाला? ती म्हणाली, साखरेचा होतो तसा तिचा स्फटिक करतात, त्यातून क्ष-किरण सोडतात, पलीकडे ठिपके उमटतात आणि त्या ठिपक्यांवरून गणिताने आकार काढतात. स्फटिक मला समजावून सांगावा लागला नाही. बारडोलीच्या कारखान्यात पाकातून दाणा धरताना मी पाहिला आहे. चार सारखे तुकडे होते, आणि प्रत्येकाचा एक हात शेजाऱ्याच्या अंगातून ओवलेला. ओढून वेगळे करता येऊ नयेत असे. प्रत्येकाच्या आत खोलवर एक चपटी चकती, तिच्या मध्यभागी लोखंडाचा एक कण, आणि तिथपर्यंत जायला अगदी अरुंद बोळ. मी पुष्कळ वेळ पाहत होतो. एका घरात चौघे असे राहू शकतात, हे मला त्या चित्रात दिसले. आपल्या घरात तिघे राहू शकले नाहीत.

मग तिने जे सांगितले, ते तुम्ही नीट वाचा. हे यंत्र बनवण्याची कृती प्रत्येकाजवळ दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक प्रत बिघडली तरी दुसरीवर काम भागते आणि फेस येतो. फेस मुळीच येत नाही, तो दोन्ही बिघडल्या तरच. माय तुमच्या मामाची मुलगी. एकाच आजोबांची बिघडलेली प्रत तुमच्या आईकडून तुमच्यात आली आणि तुमच्या मामाकडून तिच्यात. तुम्ही दोघांनी ती मला दिलीत. इतकी दुर्मिळ प्रत बाहेरच्या कुणाकडे असणे जवळजवळ अशक्य. समजले, मुकादम? फेस आला असता तर माझ्याबद्दल काहीच सिद्ध झाले नसते. आला नाही, म्हणून मी तुमचा. तुम्ही ओट्याशी उभे राहून ज्याच्याकडे पाहत होतात, तो माझ्या जन्माचा दाखला होता. तुम्ही तो हातात धरलात आणि उलटा वाचलात. नातीने सहज म्हटले, "म्हणजे आजोबा, तुम्ही त्यांचे शंभर टक्के!" तिला आनंद झाला होता. मी उठून मोरीवर गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. मायला हे सांगायला मी कुठे जाऊ?

इथे पत्र संपवायचा विचार होता. परंतु मी स्वतःला नेकीचा माणूस म्हणवतो, तेव्हा एक गोष्ट राहिली आहे. पेरॉक्साइडची बाटली माझ्या घरात येणार नाही, अशी मी शपथ घेतली होती. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना पायरीवरून पडला आणि त्याचा गुडघा फुटला. मी औषधाच्या दुकानात जाऊन ती बाटली आणली आणि हिच्यासमोर ओतली. पांढराशुभ्र फेस उसळला. मुलगा हसला. आणि बूच लावण्याआधी मी मान वर करून माझ्या बायकोकडे पाहिले. क्षणभरच पाहिले, पण तुमच्याच डोळ्यांनी पाहिले. माझे उसळत नाही, मग याचे कसे उसळले?

तिला काही कळले नाही. ती आता आतून चहासाठी हाक मारते आहे, दुसऱ्यांदा. तिला मी हे कधी सांगितलेले नाही. म्हणून हे पत्र कुणाला न दाखवता घडी घालून ठेवतो.