एकवीस हजारांचा भोपळा

१० नोव्हेंबर, रविवार

लाल भोपळा, एक. वजन साडेपाच किलो असेल. मरोळच्या बाजारात सव्वादोनशे रुपये, घासाघीस केली तर दोनशे. मला पडला एकवीस हजारांना. आणि जराही वाईट वाटत नाही!

आज चर्चमध्ये हंगामाचा सण. गावाकडे लोक शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणायचे. आईबरोबर मीही बाजरीची कणसं घेऊन गेलोय. अंधेरीत कोणाचं शेत? इथे सुपरमार्केटातून तांदळाच्या पिशव्या येतात, पपया, ऊस, केक, अंड्यांचे ट्रे. एखादा जिवंत कोंबडाही असतोच. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली — कोणी दिली, कशाबद्दल उपकार मानायचे. पाळकसाहेब एकेक चिठ्ठी वाचतात, प्रार्थना करतात. उपासना संपली की अंगणात लिलाव. पैसे गरजूंच्या निधीला.

यंदा मी ठरवूनच गेलो होतो. जुलैत बायपास झालं. बिल स्वतः भरलं, कोणापुढे हात पसरला नाही. पण आयसीयूत शुद्धीवर आलो तेव्हा पहिला आवाज ऐकला तो माझ्याच काळजाचा. नवं बेअरिंग टाकलेल्या मोटारीसारखा — एका लयीत, स्वच्छ. डोळ्यांतून पाणी आलं. प्रभू, ही मोटार तू बांधून दिलीस, असं म्हटलं. तेव्हाच ठरवलं, सणाला हात आखडायचा नाही.

आज चिठ्ठ्या वाचणं चालू असताना साकीनाक्याच्या सोसायटीचा फोन. पंप बंद पडतोय, दोन दिवस पाणी नाही. बसलोय पहिल्या रांगेत! खाली वाकून हळूच म्हटलं, एकदा चालू कर आणि फोन मोटारीपाशी धर. ऐकलं. ‘मागचं बेअरिंग गेलंय. हात लावू नकोस, नंदू येतोय.’ दुपारी वर्कशॉपच्या नंदूचा मेसेज — बेअरिंगच! अडतीस वर्षं या कानांवर जगलो. यांच्यातून काही सुटत नाही.

लिलावात भोपळ्याची बोली तीनशेवर रेंगाळली होती. मी एकदम म्हटलं, एकवीस हजार.  मग टाळ्या. मी माईक घेतला. म्हटलं, देवानं मला दुसरं आयुष्य दिलं. घरात आम्ही दोनच माणसं, एवढा भोपळा काय करू? हा आपल्या गरजू बहिणीला, चंपाबाईंना देतो. आणि त्यांच्या अबोलीचा नर्सिंगला नंबर लागलाय — तिच्या फीचं मी बघतो!

मागे कुजबुज झाली. ‘चंपा... भोपळा...’ एवढं कानावर आलं. कौतुकच असणार. चंपाबाई चर्चची झाडलोट करते. नवरा राजाराम माझ्या वर्कशॉपात पंपाच्या मोटारींना तार गुंडाळायचा, वारून सहा वर्षं झाली. ती मान खाली घालून आली, भोपळा उचलला, गेली. भारावून गेली असेल.

एका सणाला एवढं या मंडळीत कोणी दिलं नसेल. प्रभू, क्षमा कर — हे लिहितानाही बरं वाटतंय.

११ नोव्हेंबर, सोमवार

वर्कशॉप उघडायला गेलो, तर शटरपाशी भोपळा. वर्तमानपत्रावर नीट ठेवलेला. देठाला तुटका दोरा.

नंदू माझा सगळ्यात जुना कारागीर. चहाचा ग्लास घेऊन उभा. ‘शेट, चंपाबाय ठेवन गेली. माझ्याकडे बगूकच नाय.’

‘काही बोलली?’

‘भोपळो ठेवलान नि गेली. माका वाटता शेट, तुमचा कायतरी चुकला.’

माझं काय चुकलं? एकवीस हजार देऊन!

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पाळकसाहेबांकडे गेलो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण बोलणं नेमकं. चहा दिला, मग म्हणाले, ‘देवदत्तराव, तो भोपळा चंपाबाईंचाच होता.’



चर्चच्या मागे तिची खोली, वर पत्रा. पत्र्यावर वेल चढवलेला. त्याला एकच फळ धरलं. ते तिनं अर्पण केलं. ‘तुम्हाला माहीत असेल असं सगळ्यांना वाटलं,’ पाळकसाहेब म्हणाले. ‘मग तुम्ही माईक घेतलात...’

मग ती कुजबुज!

रिक्षात बसून हिशेब केला. वेदीपुढे साठ-सत्तर वस्तू होत्या. सगळ्या विकत आणलेल्या. माझी बासमतीची दहा किलोची पिशवीसुद्धा. त्यात खरोखर पिकवलेली वस्तू एकच. आणि ती मी जिची तिला दान म्हणून दिली, टाळ्या घेऊन.

१३ नोव्हेंबर, बुधवार

चंपाबाईंकडे जाऊन आलो. एक खोली. पत्र्यावरचा वेल आता वाळलाय. अबोली दारात कपडे वाळत घालत होती. ‘या मामा,’ म्हणाली, पण वर बघितलं नाही.

मी म्हटलं, चंपाबाई, मला माहीत नव्हतं.

‘तसंच असंल, भाऊ. तुम्ही काय मुद्दाम केलं व्हय?’ पाणी दिलं. स्वतः उंबऱ्याशी बसली. ‘पण देवाला वाहिलेलं मी माघारी कसं ठेवून घेऊ? घरात आणला तर झोप येईना. वाटलं, देवानंच परत धाडलं का काय.’

‘तसं नाही हो —’

‘गरजू म्हणालात. ते खरंच हाय, त्याचा राग नाही. वर्षभर मंडळीकडून घेतेच की. साडी घेते, पोरीची पुस्तकं घेतली. पण त्या दिवशी मी द्यायला आलते, भाऊ. एक दिवस.’

मी फीचा विषय काढला. पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृह मिळून पंचाऐंशी हजार. चंपाबाईंनी तीस जमवलेत. पंचावन्न कमी. पंचवीस तारखेपर्यंत भरले नाहीत तर जागा पुढच्या मुलीला. मी म्हटलं, उद्याच चेक देतो.

‘नको.’

‘चंपाबाई, पोरीचं वर्ष जाईल!’

उत्तर अबोलीनं दिलं. ‘जाऊ दे, मामा. रविवारपासून तीन जणींनी विचारलं, शेटनी किती दिले गं? मी तीन वर्षं तेच ऐकत राहणार. त्यापेक्षा पुढच्या वर्षी बघीन.’ चिमटा दोरीला इतका जोरात लावला की मोडला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

राग येतोय. मी काय चोरी केली? सतराव्या वर्षी नगरहून एका पिशवीनिशी आलो, तेव्हा मला कोणी दिलं असतं तर माईकवरून काय, भोंगा लावून दिलं तरी घेतलं असतं.

(संध्याकाळी.) हे खोटं आहे. मरोळच्या खानावळीत बाईनं एकदा चार लोकांपुढे मला सांगितलं होतं — तुझे पैसे राहू दे, गरीब आहेस. तिथे पुन्हा जेवलो नाही. तीन दिवस वडापाववर काढले.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

भोपळा वर्कशॉपच्या टेबलावर. सगळे त्याला वळसा घालून काम करतात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

शेवटी भोपळा घरी आणला. बायकोनं, उत्तरानं, तो दारातच हातात घेतला, वजन अजमावलं. म्हणाली, ‘आज कापू.’

‘कापू? तिचा आहे तो.’

‘तिचा नाही. तिनं देवाला दिला. लिलावात तुम्ही घेतला. म्हणजे तुम्हाला मिळाला ना? तो तुम्ही घेतलाच नाहीत. लगेच दुसऱ्याच्या गळ्यात घातलात.’ तीस वर्षं संसार केलेली बाई. ‘अहो, तुम्हाला घेताच येत नाही कोणाकडून. मी वाढदिवसाला शर्ट आणला की आधी किंमत विचारता.’



विळी काढता काढता म्हणाली, ‘कशाबद्दल दिला होता, ते विचारलंत तिला?’

‘त्यात काय विचारायचं? अबोलीचा नंबर लागला म्हणून.’

माझ्याकडे बघितलं जरा.  भोपळा फोडला — आत केशरी, गच्च. बिया धुऊन खिडकीत कागदावर वाळत घातल्या. मला किसायला बसवलं! छातीला टाके पडल्यापासून पहिलंच घरकाम. दीड तास. मग गूळ, कणीक, वेलची. ऐंशी घारगे झाले.

१७ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर डबे घेऊन अंगणात उभा राहिलो. माईक नाही. येणाऱ्या प्रत्येकाला एकेक घारगा दिला आणि म्हटलं, चंपाबाईंच्या वेलाचा भोपळा आहे. काहींनी नुसता घेतला. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक म्हणाले, ‘काय देवदत्तराव, आज लिलाव नाही?’ हसू आलं, पण झोंबलंही.

चंपाबाई खराटा घेऊन कडेला उभी. तिच्यापर्यंत गेलो. आजूबाजूला तेच लोक होते, टाळ्या वाजवणारे. म्हटलं, ‘गेल्या रविवारी माझं चुकलं, चंपाबाई. तुमचा भोपळा आज घेतला मी.’

तिनं खराटा भिंतीला टेकवला. हात पदराला पुसले. घारगा घेतला, मोडला, खाल्ला.

‘गूळ जास्त झालाय,’ म्हणाली.

उत्तरा मागून, ‘यांनीच घातला. हात सैल आहे!’

चंपाबाई हसली. 

१८ नोव्हेंबर, सोमवार

पाळकसाहेबांचा फोन. सणाच्या लिलावाचे एकूण त्रेचाळीस हजार जमले. पंचांनी ठरवलं, ते सगळे अबोलीच्या फीला. चंपाबाईंना विचारलं. म्हणाल्या, ‘मंडळीकडून घेईन. त्यात माझा भोपळाही हाय की!’

राहिले बारा हजार. मी म्हटलं, आत्ता पाठवतो, नाव कुठे घालू नका.

‘नाही,’ पाळकसाहेब म्हणाले. ‘तुम्ही देऊ नका.’

‘म्हणजे?’

‘रविवारी दानाची थैली फिरवू. बाकीच्यांना देऊ द्या ना, देवदत्तराव. तुम्ही फक्त प्रार्थना करा.’

दुसऱ्यांच्या देण्याची वाट बघत बसायचं! अशी उधारी मी कधी घेतली नव्हती.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. वर्कशॉप बंद, गल्लीत शांतता. पाच दिवस राहिले, बारा हजार बाकी. चेकबुक कपाटात आहे. दोनदा काढलं, दोनदा ठेवलं. उत्तरा म्हणाली, भोपळा किसण्यापेक्षा हे जड जातंय का?

जातंय. जमले नाहीत तर? जागा गेली तर? माझ्याकडे असून!

गुडघे टेकले. मागण्याची सवय नाही, हे देवासमोरही कळतं. आजवरच्या माझ्या सगळ्या प्रार्थना म्हणजे हिशेब सादर करणंच होतं — प्रभू, हे केलं, ते दिलं. आज नुसतं म्हटलं, तू जमव. बाकी शब्द सापडले नाहीत. तसाच बसून राहिलो. काळीज ऐकू येत होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

थैली फिरली. मी आज शेवटच्या रांगेत. हात खिशात गेला, तिथेच दाबून धरला. मागून सगळं दिसतं! कॉलेजातली मुलं, पेन्शनवाल्या मावशी, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली माणसं — सगळ्यांचे हात थैलीत. मावशींनी नोट टाकली, मग थैली पुढे गेल्यावर परत बोलावून अजून एक टाकली.

मोजले. तेरा हजार चारशे.

चौदाशे जास्त! चंपाबाईंनी पाळकसाहेबांना तिथल्या तिथे सांगितलं, ‘वरचे निधीत घाला. कोणाला तरी लागतील.’

२५ नोव्हेंबर, सोमवार

फी भरली. अबोली उद्याच्या गाडीनं जाणार. निरोपाला आली. उत्तरानं स्वेटर दिलं, तिकडे थंडी असते. मी काय देणार होतो, ते विसरलोच.

‘मामा, प्रार्थना करा.’

डोक्यावर हात ठेवला. दोन वाक्यं बोललो, पुढे जमेना. पुढचं तिनंच पूर्ण केलं. माझ्यासाठीही मागितलं — मामांच्या काळजासाठी. सरावल्यासारखं, जणू रोजचंच आहे.

जाताना म्हणाली, ‘औषधं वेळेवर घ्या. आई रोज विचारते.’

रोज?

२७ नोव्हेंबर, बुधवार

सणाच्या चिठ्ठ्या महिला मंडळ वहीत चिकटवून ठेवतं. यंदा ते काम उत्तराकडे. संध्याकाळी डिंक आणि वही घेऊन बसली होती. एक चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. अक्षर अबोलीचं.

‘लाल भोपळा १. देणार — चंपा राजाराम पगारे. ४ जुलैला बी लावलं. त्या दिवशी देवदत्त भाऊंचं ऑपरेशन होतं. भाऊ वाचले, वेलही धरला. म्हणून उपकारस्तुती.’

उत्तराला विचारलं, ही चर्चमध्ये वाचली होती?

‘मोठ्यांदा. सगळे तुमच्याकडेच बघत होते.’

‘मग मी कुठे होतो?’

‘पहिल्या रांगेत. साकीनाक्याच्या फोनवर.’