अकरा हजार मतांचा मामोस्ता

२ जुलै, संध्याकाळी सहा
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितातच. मला उशीरच झाला म्हणायचा.

कारण असं की 'नवं शिखर' आघाडीचे अध्यक्ष डॉ. नाबाज आज जातीने घरी आले. सुलेमानी शहरात एवढी घरं, पण आले आमच्याच. प्रांताच्या संसदेच्या निवडणुकीला उभं राहता का, असं विचारलं. सुरुवातीला ते माझ्या बायकोशी, शिलानशीच बोलत होते. बायकांच्या राखीव जागा, तुम्ही नर्स, अर्धा मोहल्ला तुमच्या हातावर जन्मला, वगैरे. प्रस्तावना असावी. शिलान म्हणाली, मला ड्युटीतून मान वर करायला फुरसत नाही, संसद कुठे घेऊन बसलात. मग डॉक्टर चहातली साखर ढवळू लागले. मी म्हणालो, मी तयार आहे. डॉक्टर माझ्याकडे पाहतच राहिले. भारावले असावेत. म्हणाले, यादीत अगदी खाली एक जागा रिकामी आहे खरी.

चोवीस वर्षं मामोस्ता, म्हणजे मास्तर, म्हणून भूगोल शिकवला. आता नकाशावर येऊ.

३ जुलै
मेव्हणा कोसार, शिलानचा भाऊ, मागच्या गल्लीत राहतो. हिरव्या पक्षाचा. बाजारात सुक्या मेव्याचं दुकान. मागच्या निवडणुकीत जेवता जेवता मी त्याला म्हणालो होतो, तू बापाच्या पक्षाला मत घालतोस, तुझं स्वतःचं कुठे आहे? तो म्हणाला, मामोस्ता, तुम्हाला साऱ्या जगाच्या नद्या पाठ, पण आपल्या गल्लीत पाणी कधी येतं ते माहीत नाही. मी ताटावरून उठलो. सहा वर्षं झाली, बोलणं नाही.

आज शिलानला ठणकावून सांगितलं, कोसारच्या उंबऱ्यावर पाय ठेवीन तर आमदार म्हणूनच. नाहीतर नाही. तिने विचारलं, आणि एक नोव्हेंबरला पायामचं लग्न आहे त्याचं काय? पायाम म्हणजे कोसारची थोरली. शिलानने तिला कडेवर खेळवलंय. मी म्हणालो, तोवर निकाल लागेल, बॉडीगार्ड घेऊनच येईन. ती डोळे पुसत आत गेली. अभिमान वाटला असणार.

२५ सप्टेंबर
प्रचार सुरू! चौकाचौकात झेंडे. हिरव्यांची गाणी, पिवळ्यांची गाणी, आणि उरलेल्यांची, जी चालीवरून कुणाची ते कळत नाही. सगळ्यांची आश्वासनं एकच: चोवीस तास वीज, वेळेवर पगार. हे ऐकवणारे सगळे लाउडस्पीकर जनरेटरवर.

माझं पोस्टर आलं. डॉ. नाबाज मोठे, मी कोपऱ्यात. शिलान म्हणाली, पासपोर्टचा फोटो बरा. पण माझी नजर दूर क्षितिजाकडे आहे, ते तिला दिसलं नाही.

संकल्प: १) रोज पन्नास घरं. २) कुणावर वैयक्तिक टीका नाही. ३) साखर बंद.

२६ सप्टेंबर
एकोणीस घरं. अडतीस चहा. तीन नंबरचा संकल्प जनतेनेच मोडला. दोन नंबरचा मी मोडला, पण समोरचा खरंच मूर्ख होता.

प्रतिसाद मात्र डोळ्यांत पाणी आणणारा. एकानेही नाही म्हटलं नाही! प्रत्येकाने हात डोळ्याला लावला आणि म्हणाला, सर चाव, मामोस्ता. म्हणजे तुमचा शब्द डोळ्यांवर. एका म्हातारबाबांनी तर दोन्ही डोळ्यांना हात लावला. त्यांची दोन मतं धरली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
आकडेमोड. आतापर्यंत ४६० जण 'सर चाव' म्हणाले. घरटी सहा मतं, म्हणजे २७६०. प्रत्येक घर आणखी तीन घरांना सांगणारच, म्हणजे चौपट. ११०४०. विनयापोटी चाळीस वजा. अकरा हजार.

शिलानला कागद दाखवला. म्हणाली, अहो, गेल्या महिन्यात घरमालकाला पंखा दुरुस्त करून द्या म्हणालो, तोही सर चाव म्हणाला होता. पंखा फिरतोय का?

पंखा आणि लोकशाही यांत फरक आहे, हे तिला समजावलं. वर मोठ्या मनाने सांगून टाकलं, तुझ्या एका मताची मला गरजही नाही. अकरा हजारांत एक इकडे काय नि तिकडे काय. मतदानाच्या दिवशी तू आमच्या एजंटांच्या चहाचं बघ.

ती म्हणाली, बरं.

९ ऑक्टोबर
शाळेत मुदीरना, म्हणजे मुख्याध्यापकांना, सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून माझे तास कुणाला तरी द्या. ते म्हणाले, सर चाव. दुपारी पाहिलं तर वेळापत्रक होतं तसंच. कामाच्या व्यापात राहिलं असेल.

टीव्हीवाले आले होते. शेजारच्या इमारतीत पाणी शिरलं म्हणून. तरी बातमीदाराच्या मागून चारदा गेलो.

१० ऑक्टोबर
मास्टरस्ट्रोक सुचला. सगळे उमेदवार मेंढरांसोबत फोटो काढतात. मेंढरं कंटाळली असतील. मी उद्या हवरामानला, शिलानच्या माहेरगावी जाणार. अक्रोडाचा हंगाम आहे. गावकऱ्यांत बसून अक्रोड सोलणारा उमेदवार! मातीतला माणूस!

बातमी फुटली कशी कोण जाणे. कोसारने शिलानकडे निरोप धाडला: मामोस्तांना म्हणावं, हातमोजे घाला.

डाव ओळखला. हातमोजे घालून फोटोत मी दाताचा डॉक्टर दिसावा, ही हिरव्यांची चाल. घालणार नाही.

११ ऑक्टोबर
प्रचंड यश. फोटोग्राफरला प्रकाश आवडेना, म्हणून 'आणखी थोडे सोला' करता करता तीन पोती सोलली. गावकरी फार खूश. बायका म्हणाल्या, मामोस्ता दर साली निवडणूक ठेवा. सगळ्यांनी सर चाव म्हटलं. बाराशे मतं.

हिरव्या सालीच्या रसाने हात जरा काळे झालेत. धुतल्यावर जातील.

१२ ऑक्टोबर
धुतले. गेले नाहीत.

१४ ऑक्टोबर
लिंबू, दही, राख, ब्लीच. दहाच्या दहा बोटं कोळशासारखी आणि आता सालपटंही निघतायत. शिलान म्हणाली, ब्लीच लावायचं ना ते फरशीला. घरोघरी हस्तांदोलन करताना लोक आधी माझ्या हाताकडे बघतात, मग स्वतःच्या. मी म्हणतो, कष्टाचे हात आहेत. एका बाईने बिचारा म्हणून आत बोलावून जेवू घातलं.

कोसारचा पुन्हा निरोप: महिनाभर जात नाही तो रंग. मोजे घाला म्हणालो होतो.

कुजकट माणूस.

१८ ऑक्टोबर
प्रचार संपायला आला. आज भाषण केलं. समोर खुर्च्या दोनशे, माणसं बेचाळीस, त्यांतली तीस खुर्चीवाल्याची. डॉ. नाबाज माझं नाव घेताना अडखळले. पाठीमागून कुणीतरी सांगितलं. मोठ्या नेत्यांच्या डोक्यात फार गोष्टी असतात.

आमदार झाल्यावर पहिलं काम: डॉक्टरांची स्मरणशक्ती.

२० ऑक्टोबर, मतदान. सकाळी सव्वासात
केंद्र आमच्याच शाळेत. शुभशकुन. सूट, लाल टाय. पहिलं मत माझंच. शिलानही सोबत निघाली आहे. चहाचा थर्मास मात्र घरीच विसरली.

२० ऑक्टोबर, साडेदहा
शांतपणे लिहितो. शांत आहे.

मतदान केल्यावर बोट शाईत बुडवतात, म्हणजे पुन्हा कुणी येऊ नये. रांगेत उभा राहिलो, नंबर आला, टेबलावरच्या मुलीने हात पुढे करायला सांगितलं. केला. तिने हात पाहिला, मला पाहिलं, पुन्हा हात पाहिला. म्हणाली, तुम्ही मत देऊन आलात की.

मी म्हणालो, अक्रोड आहे हा. मागचा म्हणाला, एक बोट काळं असतं तर समजलो असतो, ह्यांनी तर दहा वेळा उरकलंय! अख्खी रांग हसली. मी उमेदवार असल्याचं सांगितलं. रांग आणखी हसली. पोस्टर दाखवलं. मुलगी म्हणाली, ह्या कोपऱ्यातले का?

शेवटी भली म्हणून तिने अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या मशीनवर बघू म्हटलं. मशीनने अंगठा नाकारला. दुसरा नाकारला. मग आठ बोटं. सालपटं निघालेल्या बोटांना रेषाच उरल्या नाहीत म्हणे. मी म्हणालो, बाळ, काहीतरी कर, मी उमेदवार आहे. तिने हात डोळ्याला लावला. सर चाव मामोस्ता, माझ्या दोन्ही डोळ्यांवर, पण मत देता येणार नाही.

हे जरा विचित्र वाटलं. पण थकली असेल.

शिलान बायकांच्या रांगेतून मत देऊन बाहेर आली. बोटाला शाई. कुणाला दिलं, विचारलं. म्हणाली, मनात आलं त्याला. लाजली असावी.

एका मताने काय होतं. अकरा हजार वजा एक.

२० ऑक्टोबर, संध्याकाळी सात
मोजणी मशीनने होते. आकड्यांची लांब पट्टी निघते, ती दारावर डकवतात. आमच्या शाळेच्या पट्टीवर माझ्या नावापुढे: १.

छापताना पुढचे आकडे कापले गेले असावेत.

२१ ऑक्टोबर
नाहीत गेले. मुदीरांनी पट्टी पट्टीने मोजून दाखवली. वर म्हणाले, उद्या नववी ब, तिसरा तास.

हरकत नाही. एका शाळेवरून काय ठरतं? हवरामानची बाराशे अजून यायचीत.

२४ ऑक्टोबर
हवरामानची आली. गावाने एकमताने हिरव्यांना घातली. शिलानच्या मावशीला फोन केला. म्हणाली, सर चाव, मामोस्ता, पुढच्या हंगामाला नक्की या, तेव्हा पोती जास्त असतील.

वर्गात पोरं माझे हात बघून खुदुखुदु हसतात. नद्यांवर टेस्ट घेतली.

३० ऑक्टोबर
अंतिम निकाल. अख्ख्या प्रांतात, सगळ्या केंद्रांवर मिळून, मला पडलेली मतं: १.

डॉ. नाबाजांना फोन केला. उचलला नाही. संदेश आला: आपण कोण?

खुर्चीत बसून राहिलो. मग डोक्यात प्रकाश पडला. माझं मत तर पडलंच नाही. मग हे एक कुणाचं? शिलान! साऱ्या प्रांताने पाठ फिरवली तेव्हा एकटी बायको उभी राहिली. चोवीस वर्षांत मी तिला ओळखलंच नाही. हलबजाची चार किलो डाळिंबं घेऊन आलो. तिच्यासमोर ठेवली, कारण सांगायची गरजच नव्हती. तिने एक फोडलं, म्हणाली, गोड आहेत. किती साधी बाई!

३१ ऑक्टोबर
उद्या लग्न. जाणार नाही. आमदार म्हणूनच जाईन असा शब्द दिला होता, शब्द म्हणजे शब्द.

१ नोव्हेंबर, सकाळी
शिलानने सोनेरी झुळझुळीत पोशाख घातलाय. म्हणाली, सहा वर्षं तुमचा शब्द सांभाळला. चोरासारखी भावाला भेटले, दुकानात, गिऱ्हाईक बनून. आज माझ्या भाचीचं लग्न आहे. मी चालले. तुम्ही डाळिंबं खा.

जातो. पाहुणा म्हणून नाही. निरीक्षक म्हणून.

१ नोव्हेंबर, दुपारी चार
लग्नाहून आलो. जसं घडलं तसं लिहितो.

कोसार दारातच उभा होता. मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले, आपल्या शेजारी बसवलं. आमदारकीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, आपणही मोठेपणा दाखवावा. सगळ्यांसमोर म्हणालो, काही असो, तुझ्या बहिणीने एकटीने माझी लाज राखली. ते एक मत तिचं.

कोसारने शिलानकडे पाहिलं. शिलानने ताटाकडे. मग म्हणाली, मी नाही दिलं. तुम्हीच म्हणाला होतात, तुझ्या मताची गरज नाही. मी दुसऱ्या यादीतल्या एका नर्सला दिलं. ती आमच्या वॉर्डात येऊन तासभर आमचं ऐकून गेली. तुम्ही कधी विचारलंत?

मग कुणाचं, मी विचारलं. बाहेर नाचाची रांग धरली होती, ढोल वाजत होता.

कोसार माझ्या कानाशी वाकला. हळू म्हणाला, माझं. त्या दिवशी रांगेत तुमच्या मागे सहावा मीच होतो. मशीनने तुमची दहाही बोटं नाकारली, ते पाहिलं. म्हटलं, आता ह्यांच्या नावापुढे शून्य येणार. उद्या सगळे सोयरे तो आकडा बघणार, आणि मान माझ्या बहिणीची खाली जाणार. आमच्या पक्षात कुणाला सांगू नका मामोस्ता, तिथे मला उभं करणार नाहीत.

मी बोलायला तोंड उघडलं. महिनाभर भाषणांची सवय. कोसारने माझ्या ताटात भात वाढला, वर मटणाचा तुकडा ठेवला. मी जेवलो.