बकुळा वडील झाली त्याची हकीकत

अंबरनाथ (पूर्व),
मंगळवार, दुपार

आदरणीय दाजींना शांतवनचा प्रभूच्या नावात सलाम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? आक्का फोनवर म्हणाली, की उपासनेत तुम्ही उभे राहता झटक्यात, पण बसताना पुढचा बाक धरावा लागतो. तिळाचं तेल लावा आणि पायऱ्या टाळा. आमच्याकडे सर्व कुशल आहे, म्हणजे रविवार सकाळपर्यंत होतं. राहुरीच्या मंडळीत तुम्ही इतकी वर्षं वडील म्हणून चर्चचा कारभार पाहता, वरच्या सभेतही तुमच्या शब्दाला वजन आहे, म्हणून झाला प्रकार दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच लिहितो. (फोनच केला असता, पण आमच्या घरातलं फोनवरचं बोलणं बकुळाला स्वयंपाकघरातही ऐकू जायचं. रविवारपासून स्वयंपाकघरात मी असतो आणि ती बाहेर असते, तरी जातंच.)

तर आपल्या महासभेने सामाजिक शिकवणीची सुधारित पुस्तिका काढली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. जुनी आपल्याला पाठ होती. दारू नको, तमाशा नको, लॉटरी नको, घोड्यांच्या शर्यती नकोत. (शिवमंदिराच्या बाजूला वरातीसाठी एक घोडी भाड्याने मिळते, तेवढी सोडली तर आमच्या सभासदांचा घोड्यांशी संबंध नाही, आणि ती घोडीही शर्यतीच्या विचारांची वाटत नाही.) नव्या पुस्तिकेत मोबाइलवरचा जुगार आला, प्लास्टिक आलं, नदीत कचरा टाकणं आलं. प्रत्येक मंडळीने एकेक कलम वाचायचं, हात वर करून मत द्यायचं आणि निकाल वर कळवायचा. आमच्या पाळकसाहेबांनी त्यासाठी मुद्दाम हंगाम सणाचा रविवार निवडला, कारण त्या दिवशी मटण असतं आणि मटण असलं की मंडळी भरते.

पहिली कलमं सुरळीत गेली. मंडळीत जात विचारणं हे पाप आहे, हे कलम एकमताने संमत झालं, आणि आमेन विरायच्या आत माझ्या मागच्या बाकावर एकाने दुसऱ्याला हळूच विचारलं, "मुलगी आपल्यातलीच आहे ना?" मग चौथं कलम आलं. स्वयंपाक आणि घरकाम ही स्त्री आणि पुरुष या दोघांची सारखीच जबाबदारी आहे. आम्ही पुरुषांनी त्यावर सर्वांत आधी हात वर केले. दाजी, शत्रूवर प्रीती करा, याला आपण नाही कधी म्हटलंय का? तशातलंच हे, संमत करायचं आणि घरी जायचं, अशी आमची समजूत. एवढ्यात आमची बकुळा उठली.

"साहेब, कलम संमत झालं ना?"

"झालं की."

"कधीपासून लागू?"

पाळकसाहेब नियमाला पक्के. म्हणाले, "संमत झालं तेव्हापासून."

"मग रस्सा आणि भात अजून व्हायचाय," असं म्हणून बकुळा बसली. मागच्या शेडमध्ये स्वयंपाकाला लागलेल्या बायका पदराला हात पुसत आत आल्या आणि आमच्या रिकाम्या होणाऱ्या बाकांवर ओळीने बसल्या. म्हातारे आणि पाठदुखीवाले तेवढे सुटले, बाकी आम्ही सगळे शेडमध्ये.

तिथे उल्हासनगरचा मुकेश टोप आणि शेगड्या लावत होता. (हा सिंधी आहे, आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला भाड्याने भांडी तोच देतो.) आम्हाला बाह्या सरसावताना पाहून तो म्हणाला, "साईं, आज जेंट्स लोग बनवणार? मग मी थांबतो. टोप माझे आहेत."

बदलापूरहून येणारा आमचा भूपेश कारखान्यात सुरक्षेचं काम पाहतो. त्याने कांदा चिरायला हेल्मेट घातलं. डोळ्यांतून पाणी आलं नाही हे खरं, पण काचेवर वाफ धरली आणि कांद्याबरोबर त्याने कोथिंबिरीच्या जुडीचा दोराही बारीक चिरला. तांदूळ धुवायचं कामही त्याच्याकडेच होतं. नुसत्या पाण्याने काय निघतं, असं म्हणून त्याने भांड्यांचा साबण वापरला. दाजी, तांदळाला फेस येतो तेव्हा तो थांबत नाही. त्यात जांभूळच्या केंद्रातून येणारं नळाचं पाणी त्या दिवशी कमी दाबाने येत होतं. आम्ही धुतो आहोत आणि फेस वाढतो आहे, अशी परिस्थिती. शेवटी मुकेशने टोपात डोकावून "ये चावल अब सिर्फ नहाने के काम का है" असा निकाल दिला आणि स्वतः स्कूटर काढून नवे तांदूळ घेऊन आला. तेही त्यानेच धुतले. आम्हाला हात लावू दिला नाही.

या धांदलीत सभा पुढे चालू होती, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात नव्हतं. मी रश्श्याशी होतो. (रस्सा मी सांभाळला. हे नमूद असू द्या.) मिठाचं विचारावं म्हणून मी पळी हातात घेऊन सभागृहाच्या दारात गेलो. आत कलम आठवं चाललं होतं. स्त्रियांनी वडील व्हावं की नाही, आणि व्हावं तर आमच्या मंडळीतून पहिलं नाव बकुळाचं. कुमुदिनीमावशी विरोधात होत्या, कारण वडील म्हणजे दाढी, असं त्यांचं मत. गायनवृंदातल्या काही बायकाही विरोधात, कारण बकुळा त्यांचा सूर दुरुस्त करते. मतं अगदी समसमान पडली होती आणि पाळकसाहेब घाम पुसत विचारत होते, "बाजूने आणखी कुणी?"

मी पळी वर करून म्हणालो, "मीठ किती घालू?"

"शांतवनभाऊ बाजूने," पाळकसाहेब म्हणाले. "कलम संमत."

मी म्हटलं, साहेब, ही पळी आहे. ते म्हणाले, पळीखाली हात आहे ना? यावर शास्त्रात उत्तर नाही. बकुळाने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे जाऊन ती वडिलांच्या खुर्चीवर बसली. खुर्ची जरा उंच आहे. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, पण ती अशी ताठ बसली होती की ते कुणाच्या लक्षात आलं नसावं.

घरी आल्यावर आमची तेजल विचारते, "पप्पा, मम्मी वडील झाली, मग तुम्ही कोण?" पाळकसाहेबांनी मला सेवकाची रिकामी जागा देऊ केली आहे. म्हणजे घरात ती वडील, मी सेवक, आणि दोन्ही मंडळीच्या दप्तरी नोंदलेलं. तेव्हा दाजी, वरच्या सभेत तुम्ही कडक शब्दांत तक्रार मांडावी आणि पळीचं मत बाद ठरवून घ्यावं, ही नम्र विनंती.

आक्काला सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
शांतवन

ता. क. तक्रार एवढ्यात मांडू नका. रस्सा पुरला नाही, इतका खपला. कुमुदिनीमावशींनी दोनदा वाढून घेतला. नाताळचा स्वयंपाक आम्हीच करणार आहोत. भूपेश कांद्यालाच राहील.

आणखी ता. क. मुख्य गोष्ट राहिली. पुढच्या महिन्यात ही पुस्तिका तुमच्या मंडळीत वाचली जाईल. तिथल्या बायकांनी आक्काचं नाव सुचवायचं ठरवलं आहे आणि तिला ते हवंही आहे. तुमच्यासमोर विषय काढायला तिची जीभ रेटत नाही, म्हणून माझ्यावर सोपवलं. तुमच्या एका हातावर बरंच अवलंबून आहे. गुडघ्यामुळे उभं राहवलं नाही तर बसूनही मत देता येतं, मी पाळकसाहेबांना विचारून घेतलं आहे.

शेवटचं ता. क. मीठ मी आधीच घातलं होतं. हे बकुळाला सांगू नका.