ऐकणारीचा चेहरा

रास तनुरा, सौदी अरेबिया, शनिवार

प्रिय शरफुन्निसा,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. नौशादभाई शुक्रवारी तुमच्या हाइलला येताहेत, त्यांच्याच हाती हे पाठवते. ते तुझा नवा नंबर देत होते, पण फोनवर मला हे जमलं नसतं. तुझी सुहाना आता दहावीत असेल ना? आमचा अनुराग माझ्याशी सगळं इंग्रजीत बोलतो, तुझ्या सांदणांची आठवण मात्र मराठीत काढतो.

गेल्या आठवड्यात दहरानला मारिका नावाच्या एका जॉर्जियन बाईंचे चित्रपट दाखवले. अनिमेषला ड्युटी होती, म्हणून मी शाळेतल्या अस्माबरोबर गेले. या बाईंची एक गंमत आहे. माणूस बोलत असतो, पण कॅमेरा त्याच्याकडे बघतच नाही, ऐकणाऱ्याकडे बघतो. एका चित्रपटात भाचा मावशीला सांगतो, की बाप आजारी असताना तो त्याच गावात होता, पण घरी गेला नाही. तो आपल्याला दिसतच नाही. दिसते ती अक्रोड सोलणारी मावशी. तिचे हात थांबतात, ती त्याच्याकडे बघत राहते. शरफू, त्या चेहऱ्यावर राग नव्हता गं. घृणा तर नव्हतीच. मी ओढणी तोंडात धरून रडले.

नंतर कुणीतरी विचारलं, असं का करता? बाई म्हणाल्या, "माझी मोठी बहीण घरातल्या सगळ्यांचं ऐकून घ्यायची. तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही."

आई गेली तो दिवस तुला आठवत असेल. माझा इथे राहण्याचा परवाना, इकामा, नूतनीकरणात अडकलेला, मला देश सोडता येईना. नाशिकहून गिरीशदादाने मोबाइलवर अंत्यविधी दाखवला. तू सकाळी आलीस ती संध्याकाळपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून राहिलीस. भात केलास, अनुरागला भरवलंस. आणि मी तुला ते सांगून टाकलं. आईने दिवाळीला बोलावलं होतं, सुट्टी होती, पैसे होते. तिची आजारपणं काढायचा कंटाळा आला म्हणून मी रजा मिळत नाही असं खोटं कळवलं. हे अनिमेषलाही ठाऊक नाही. सांगताना मी फरशीकडे बघत होते. तुझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पुढे कधी पाहायचा धीरच झाला नाही. तू जिन्यात भेटलीस की मी घाईत असायचे. तुला वाटलं असेल, दुःखात आहे बिचारी.

त्या चित्रपटगृहात मला पहिल्यांदा वाटलं, की त्या दिवशी तुझा चेहराही तसाच असणार. म्हणून तर तू उठून गेली नाहीस. उलट म्हणालीस, "दोन घास खा गो, मगे रड." तेव्हा मी साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. आज म्हणते. त्या दिवसाने मला वाचवलं, शरफू. तू नसतीस तर ते खोटं मला आतून पोखरत राहिलं असतं.

पण हे पत्र केवळ आभारासाठी नाही. तुम्ही हाइलला निघालात त्या दुपारी तू आमची बेल तीनदा वाजवलीस. मग दाराबाहेर डबा ठेवून गेलीस. नंतर मी तुला मेसेज केला, की आम्ही बाजारात गेलो होतो. आम्ही कुठेही गेलो नव्हतो. मी दाराच्या आत उभी होते, कडीवर हात ठेवून. तुझ्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकला, पण दार उघडलं नाही. मला माफ कर.

तुझीच,
मंजिरी