चहातली पातळ दालचिनी

मंगळवार, दिवेलागणीनंतर

यांना शुगर आहे, म्हणून रोजचा चहा बिनसाखरेचा, कपात दालचिनीचा तुकडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाड दालचिनी रोज घेतली तर लिवरला बरी नाही. ती रश्श्याला ठेवा, चहात पातळ टाका. पण यांचा हट्ट! "ते कागदासारखं साल मले नाही चालत."

आज मालेगावहून गुपचूप पातळच आणली. कपात टाकली. घोट घेऊन म्हणे, "आज चहा गोड काहून लागून राह्यला?"

"तोंडच गोड असन तुमचं."

हसले. मला वाटलं, केवढी हुशार मी!

आत्ता कप विसळायला घेतला, तर बशीत ती पातळ सुरळी, पदर न् पदर उलगडून ठेवलेली. म्हणजे ओळखली होती. तरी चहा सगळा प्यायले.